नावाची तारीख

काठीच्या राजवाडी होळीला गेलो की माझा चहा-भज्यांचा मुक्काम एका ठरलेल्या दुकानात असतो. यंदा पलीकडेच त्याच नावाची दुसरी पाटी दिसली. मूळ नाव कोणाचे, असे विचारल्यावर जुने दुकानदार म्हणाले, "माझ्या वडिलांचं. गावात कोणालाही विचारा, भाऊ." कागद काही आहे का, यावर ते नुसते हसले.

तेव्हापासून पुण्याच्या ‘बर्गर किंग’ खटल्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. वर्तमानपत्रांनी तो लहान विरुद्ध बलाढ्य असा रंगवला. मला मात्र त्यात तारखांचे भांडण दिसते.

पुण्यातले हे उपाहारगृह 1992 च्या सुमारास सुरू झाले. अमेरिकी कंपनीने भारतातले पहिले उपाहारगृह उघडले 2014 मध्ये, दिल्लीत. खटला मात्र तिने 2011 मध्येच गुदरला होता! तिचा आधार होता 1979 सालची भारतातली नोंदणी. पण 1958 चा व्यापारचिन्ह कायदा केवळ मालापुरता होता. सेवेसाठी चिन्ह नोंदवता येऊ लागले ते 1999 चा कायदा 15 सप्टेंबर 2003 रोजी अमलात आल्यावर. म्हणजे पुण्यात पाटी लागली तेव्हा उपाहारगृहाचे नाव सेवा म्हणून नोंदवण्याची सोयच नव्हती. नव्या कायद्याचे कलम 34 जुन्या, सलग वापराला संरक्षण देते; मात्र समोरच्याची नोंदणी आणि त्याचा वापर यांत जे आधीचे, त्याच्याही आधीपासून तुमचा वापर हवा. मग 1979 ची मालाची नोंदणी उपाहारगृहाच्या आड येते का? माझ्या मते वादाचे खरे मर्म इथे आहे.

16 ऑगस्ट 2024 रोजी पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. उपाहारगृहाने मागितलेली 20 लाखांची भरपाईही नाकारली, कारण तोंडी साक्षीपलीकडे पुरावा नव्हता. हा भाग बातम्यांत दोन ओळींत आटोपला. मी तो तीनदा वाचला. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत नाव वापरण्यास मनाई केली आणि मागील दहा वर्षांचे हिशेबाचे व कराचे कागद जपून ठेवायला सांगितले. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली.

याच नावावरून अमेरिकेतही असा तंटा झाला होता. इलिनॉय राज्यातल्या मॅटून गावच्या एका कुटुंबाने 1959 मध्ये हे नाव राज्यापुरते नोंदवले होते. 1968 च्या निकालाने बाकी राज्य कंपनीकडे गेले, पण मॅटूनभोवतीचा वीस मैलांचा टापू त्या कुटुंबाकडे राहिला. त्यांच्या हाती निदान एक दाखला होता.

होळीच्या दुसऱ्या दिवशी काठीच्या दुकानदारांनी आपणहून वडिलांची उधारीची वही काढून दाखवली. मी तिच्या पानापानाचे फोटो घेतले. सुरुवातीची पाने वाळवीने खाल्ली आहेत. वाचता येणारी सर्वांत जुनी तारीख 1998 ची आहे, आणि त्या पानावर दुकानाचे नाव नाही.