पाव इंचाचा एक फूट

जहाजाविषयी लिहिणाऱ्याला एक सवलत असते. जे ठाऊक नाही, त्यावरून वाक्य अलगद पुढे नेता येते. त्याच जहाजाची लाकडी प्रतिकृती करणाऱ्याला ती सवलत नाही. जहाजाच्या पुढच्या टोकाची नाळ तळाच्या पठाणाला (कण्याला) कुठे भेटते, तोफेचे तोंड पाण्यापासून किती उंच असते, दोराचे दुसरे टोक कशाला बांधतात, यांची उत्तरे लाकडात द्यावीच लागतात. जुन्या शिडांच्या जहाजांच्या प्रतिकृती घडवणे हा छंद आहेच. पण तो इतिहासाची उलटतपासणी घेण्याचाही एक मार्ग आहे, या समजुतीवर हे पुस्तक उभे आहे. लाकूड, हत्यारे, शिडे आणि दोर यांची प्रकरणे पुढे येतील. इथे फक्त या विद्येच्या अंगणात वाचकाचे स्वागत करायचे आहे.

अंगण जुने आहे. सतराव्या शतकापासूनच्या, इंग्लंडच्या आरमारी मंडळाच्या काळातल्या प्रमाणबद्ध प्रतिकृती आज ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. त्यांतल्या अनेकींचा खालचा भाग फळ्यांनी न मढवता मुद्दाम उघडा ठेवलेला आहे, म्हणून आतल्या फासळ्यांची मांडणी दिसते. एका फुटाला पाव इंच, म्हणजे १:४८, हे त्या परंपरेतले प्रमाण आजही चालते. एकोणिसाव्या शतकात एदमों पारी (१८०६-१८९३) या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने वेगळे काम केले. जगप्रवासात त्याने युरोपाबाहेरच्या बोटी मोजल्या, त्यांचे आराखडे काढून प्रसिद्ध केले आणि पुढे लूव्रमधल्या सागरी संग्रहालयाचा प्रमुख झाल्यावर अशा बोटींच्या प्रतिकृती करवून घेतल्या. आपल्या किनाऱ्यावरची फत्तेमारी त्याच्या नजरेतून सुटली नाही.

मराठी वाचकाने अभ्यासाला ‘ट्रिंकोमाली’ घ्यावी. ही फ्रिगेट, म्हणजे शिडांची युद्धनौका, मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारी सागवानात बांधली. ती १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. या वर्गाच्या जहाजांचा घाट १७८२ मध्ये इंग्रजांनी पकडलेल्या ‘एबे’ या फ्रेंच फ्रिगेटवरून घेतलेला. मुंबईला पाठवलेले आराखडे ‘जावा’ या जहाजावर होते. डिसेंबर १८१२ मध्ये ते अमेरिकी आरमाराच्या हाती पडले आणि नकला पुन्हा धाडाव्या लागल्या. म्हणजे कागद आहे आणि खुद्द जहाजही आहे. तरी पहिलाच प्रश्न अडवतो: कोणत्या सालची ट्रिंकोमाली? जन्माला आली ती ३८ तोफांची. १८४० च्या दशकात तिच्या तोफा २६ वर आणल्या आणि पिछाडीची घडणही पालटली. प्रतिकृतीला नावाइतकीच सालाची गरज असते.

दुसरी अडचण प्रमाणाची. ट्रिंकोमालीची तोफांची डेक सुमारे १५० फूट. १:४८ मध्ये ती साडेसदतीस इंचांवर येते. लांबी ४८ पट घटली की आकारमान एक लाख दहा हजारांहून अधिक पटींनी घटते. पण लाकडाचे रेषे आणि कापडाचे विणकाम तेवढेच राहते. म्हणून सागवानी जहाजाची प्रतिकृती सागवानात केली, तर तिचे रेषे राक्षसी वाटतात. तिथे हळदूसारखे बारीक, एकसारख्या पोताचे लाकूड बरे. कापडी शीड या मापात खऱ्यासारखे झुलत नाही, म्हणून पुष्कळ जाणकार डोलकाठ्या उघड्याच ठेवतात. दोराचा सापळा तर नवशिक्यासाठीच मांडलेला असतो. इंग्रजी आरमाराच्या जुन्या तक्त्यांत दोराचे माप घेराचे असते. सहा इंची दोर म्हणजे सहा इंच घेर. १:४८ मध्ये त्याला सुमारे एक मिलिमीटर जाडीचा धागा लागतो. ते माप व्यासाचे समजले, तर धागा तीन मिलिमीटरांहून जाड होतो आणि देखण्या जहाजावर नाडे लोंबू लागतात.

खरी परीक्षा मराठा आरमाराचे सरदार आंग्रे यांच्या गुराबेची, म्हणजे लढाऊ जहाजाची. आपल्या किनाऱ्यावरचे मिस्त्री कागदाविना, नजरेने आणि हाताच्या सवयीने जहाज उभे करत; आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावरच्या हल्ल्यात आंग्र्यांचे आरमार जळाले. म्हणजे इथे कागद नाही आणि जहाजही नाही. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ मध्ये गुराबेचे वर्णन छापले. तीन डोलकाठ्यांची गुराब साधारण ३०० टनांची, दोनांची १५० पर्यंत. नाळ पुढे झेपावलेली. तिच्यामागच्या आडभिंतीतल्या झरोक्यांतून दोन तोफा थेट समोर मारा करणाऱ्या. वाचताना चित्र पुरे वाटते. फळी कापायला घेतली की ते विरघळते. आडभिंत किती उंच? तोफ मागे उसळायला किती जागा? ऑर्म याबद्दल गप्प आहे.

मग गुराब करूच नये का? जरूर करावी, पण अंदाज लपवू नये. पुराव्याचे भाग एका लाकडात आणि तर्काचे दुसऱ्या, थोड्या वेगळ्या रंगाच्या लाकडात करता येतात. सोबत प्रत्येक निर्णयाची नोंदवही असावी: हे माप कुठून घेतले, ते का सोडले. गुळगुळीत, पॉलिश केलेली पण नोंदवहीविना केलेली प्रतिकृती शोभेची. नोंदवही असलेली ओबडधोबड प्रतिकृती पुढच्याला वाद घालायला जागा देते.

या विद्येत शिरायला जहाजबांधणीची पदवी लागत नाही. धारदार चाकू, बारीक दातांची करवत, पट्टी आणि बसण्याची चिकाटी एवढ्यावर सुरुवात होते. पहिलेच काम फ्रिगेटचे घेऊ नये. एका डोलकाठीच्या छोट्या गलबताचे आडवे थर आराखड्यावरून कापावेत, एकावर एक चिकटवावेत आणि कोरून आकार द्यावा. आराखड्यातल्या वक्र रेषा वाचायला याहून चांगली शाळा नाही.

आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांना एक विनंती. कोकणात लाकडी होड्या बांधणारे हात अजून आहेत. परवानगी घेऊन त्यांच्याकडे टेप आणि वही न्यावी, पारीने केले तसे मोजावे, मिस्त्रींचे शब्द टिपावेत. हे आज झाले नाही, तर आपल्या होड्यांसाठीही पुढच्यांना कुणा ऑर्मच्या चार ओळींवर भागवावे लागेल.