घरातली टेप आणि संगणकाची कात्री

इतिहासाची साधनं म्हटली की आपल्याला बखरी, मोडी कागद, ताम्रपट आठवतात. आज आपण जरा वेगळ्या साधनाकडे वळणार आहोत. लोकांनी घरी बसून टीव्हीवरून जे कार्यक्रम टेप केले, आणि पुढे संगणकावर घेऊन त्यांची जी काटछाट केली, तिच्याबद्दल बोलू.

सुरुवात १९३३ पासून करू. त्या काळी बीबीसी लंडनहून जॉन लोगी बेअर्ड यांच्या पद्धतीने टीव्ही प्रक्षेपण करत असे. चित्र फक्त ३० रेषांचं आणि सेकंदाला साडेबारा चित्रं. तपशील इतका कमी की हा संदेश आवाजासारखा तबकडीवर कोरता येई. त्या एप्रिलमध्ये ‘लुकिंग इन’ नावाचा नाचगाण्यांचा कार्यक्रम झाला, आणि कुणा हौशी माणसाने तो घरच्या यंत्रावर ॲल्युमिनियमच्या तबकडीवर उतरवून ठेवला. मुद्रण जेमतेम चार मिनिटांचं, त्यात तबकडीचा वेग कमीजास्त. सुमारे सहा दशकांनी डोनाल्ड मॅक्लीन या ब्रिटिश अभियंत्याने तो संदेश संगणकात घेतला, एकेका रेषेची वेळ जागेवर बसवली, आणि नाचणाऱ्या मुली पुन्हा पडद्यावर दिसू लागल्या. प्रत्यक्ष प्रसारित झालेल्या टीव्हीचं आज माहीत असलेलं सर्वांत जुनं मुद्रण ते हेच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मॅक्लीन यांनी दुरुस्ती केली, कापाकापी केली नाही. संपादन या एकाच शब्दाखाली आपण ही दोन्ही कामं घालतो, पण इतिहासाच्या दृष्टीने ती अगदी वेगळी आहेत. आजचं सगळं विवेचन या फरकाभोवतीच फिरणार आहे.

आता तुम्ही विचाराल, घरच्या टेपांची एवढी काय मातब्बरी? टीव्ही केंद्रांकडे मूळ मुद्रण असणारच की! तर तसं नव्हतं. अँपेक्स कंपनीचं व्यावसायिक व्हिडिओ टेपयंत्र १९५६ साली आलं. टेप महाग होती, म्हणून कार्यक्रम झाला की ती पुसून पुन्हा वापरायची, ही अनेक देशांतली रीत होती. बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या गाजलेल्या मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग असेच घालवले. हरवलेल्या भागांचा आवाज मात्र सगळाच्या सगळा शिल्लक आहे, कारण चाहत्यांनी तो घरच्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवला होता. संस्थेने पुसलं आणि प्रेक्षकाने राखलं, असा हा उलटा न्याय.

सोनीचा बेटामॅक्स १९७५ मध्ये आला, जेव्हीसीचा व्हीएचएस १९७६ मध्ये. नंतर बघायला म्हणून घरी कार्यक्रम टेप करणं गुन्हा आहे का, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल प्रेक्षकाच्या बाजूने लागला. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आलं, आणि त्याच दशकात मध्यमवर्गाच्या बोलण्यात ‘व्हीसीआर’ हा शब्द रुळला.

व्हीसीआर आला तशी घरगुती कात्रीही आली. तिचं नाव पॉजचं बटण. जाहिरात लागली की दाबायचं, कार्यक्रम सुरू झाला की सोडायचं. मागाहून काही कापायचं तर दोन व्हीसीआर जोडून टेपवरून टेप करावी लागे आणि दर प्रतीला चित्र आणखी पुसट होई. त्यामुळे बहुतेकांच्या टेपा जशाच्या तशा कपाटात राहिल्या.

खरी काटछाट सुरू झाली नव्वदच्या दशकाच्या शेवटी, घरच्या संगणकात कॅप्चर कार्ड बसू लागलं तेव्हा. इथे थोडा हिशेब करू. आपल्याकडच्या पाल पद्धतीचं एक चित्र संगणकावर ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं धरतात. ठिपक्याला दोन बाइट आणि सेकंदाला २५ चित्रं धरली, तर एका तासाला सुमारे ७५ जीबी होतात! आणि त्या वेळच्या घरगुती हार्ड डिस्क पाच-दहा जीबीच्या. मग लोकांनी काय केलं? व्हीसीडीचा मार्ग धरला. त्यात चित्र ३५२ गुणिले २८८ चं, म्हणजे साधारण चौथा हिस्सा, आणि एका सीडीवर ७४ मिनिटं. तीन तासांच्या टेपेला तीन सीडी लागणार. मग जागा कशी वाचवायची? जाहिराती उडवा, मधल्या बातम्या उडवा, निवेदन उडवा! अशी जागेच्या टंचाईने कात्री चालवली, आणि सीडी भरली की टेप रद्दीत गेली.

पुढे हे काम यंत्रावरच सोपवलं गेलं. अमेरिकेत २००१ मध्ये रिप्लेटीव्हीचं एक यंत्र आलं. मुद्रित कार्यक्रम दाखवताना ते जाहिराती आपोआप ओलांडून जाई. चित्रपट आणि टीव्ही कंपन्यांनी लगेच दावे लावले. भांडण होतं पैशाचं. जाहिरात हा दस्तऐवज आहे, हा मुद्दा त्यात कुणाच्या गावीही नव्हता.

वास्तविक इतिहासकाराला नेमकं तेच हवं असतं. चित्रपट दुसरीकडे मिळेल. पण अमुक साली साबण कोणत्या शब्दांत विकला जात होता, निवेदिकेची साडी कशी होती, ‘व्यत्यय’ची पाटी किती वेळ दिसत होती, हे कुठे मिळणार? टेपेवर तारीख नसली तर ती ठरवायलाही मधली बातमी किंवा जाहिरातच उपयोगी पडते. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स, एकेकाळच्या ग्रंथपाल, यांनी सत्तरच्या दशकापासून २०१२ मध्ये निधन होईपर्यंत टीव्ही टेप केला. सुमारे ७० हजार कॅसेट! बातम्या आणि जाहिराती सगळं सलग. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तो विक्षिप्तपणाही वाटला असेल. आज तो संग्रह इंटरनेट आर्काइव्हकडे आहे, आणि त्याचं मोल आहे ते त्या सलगपणात.

मग संगणकावर काही करूच नये का? अवश्य करावं, पण आधी दुरुस्ती. जुन्या टेपेत रेषा डावीकडे-उजवीकडे थरथरतात, त्यांची वेळ टाइम बेस करेक्टरने सावरता येते. म्हणजे मॅक्लीन यांनी तबकडीवर केलं, त्याच जातीचं हे काम. व्हीएचएसच्या एका चित्रात दोन अर्धचित्रं गुंफलेली असतात, सेकंदाला ५०. घाईत एक अर्ध फेकून दिलं की निम्मी हालचाल कायमची जाते. व्हीसीडी करताना बहुधा हेच झालं.

आता वेळ थोडा उरला आहे. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि तो धंदा जवळजवळ संपला. कोकण-गोव्याच्या दमट हवेत टेपांना बुरशी लागते आणि बुरशीची टेप यंत्रात घातली तर यंत्रही बिघडतं. तेव्हा मंडळी, घरात कॅसेट असतील तर एवढं करा. आधी पूर्ण टेप, पहिल्या खरखरीपासून शेवटच्या खरखरीपर्यंत, संगणकात घ्या. फाइलच्या नावात वाहिनी आणि अंदाजे साल लिहा. ती मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि कात्री फक्त तिच्या प्रतीवर चालवा. टेप घरची आहे, पण तिच्यात एका संध्याकाळचा सबंध महाराष्ट्र असू शकतो. त्यातलं कामाचं काय, ते पुढच्यांना ठरवू द्या.