शेवटचं पान आधी उघडावं का?

कादंबरीचा शेवट आधी वाचू नका, ठीक. पण जुनी पोथी हातात आली तर आधी शेवटचंच पान उघडा. लिहिल्याचा शक, लेखनिकाचं नाव बहुधा तिथेच सापडतं; ज्ञानेश्वरीतली शके १२१२ ची नोंदही अठराव्या अध्यायाच्या अखेरीसच आहे.

पत्रांचं मात्र उलट. मनोरी-गोराईचा पट्टा पोर्तुगिजांच्या हातून कसा गेला हे शोधताना वसई मे १७३९ मध्ये पडली, हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं. वेढ्यातून पत्रं लिहिणाऱ्या चिमाजीअप्पांना कुठे ठाऊक होतं? मग त्यांची काळजी आपल्याला उगाचची वाटते आणि ‘विजय अटळ होता’ असलं वाक्य प्रबंधात शिरतं. पत्रं तारखेनुसार लावा, पुढची झाकून ठेवा. निदान पहिल्या वाचनाला तरी.