लूनाच्या गावची ग्रांप्री

चिंचवड एमआयडीसी म्हटलं की जुन्या पुणेकराला लूना आठवते. १९७२ साली आलेली, पन्नास सीसीची, चढ लागला की पायडल मारून मदत मागणारी. फिरोदियांच्या कायनेटिकने १९८४ मध्ये होंडाच्या जोडीने गिअरलेस स्कूटरही आणली. हिशेब साधा होता: गाडी स्वस्त हवी, अ‍ॅव्हरेज चांगलं हवं आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला कळायला हवी. शर्यत या हिशेबात बसतच नव्हती.

२००८ मध्ये कायनेटिक मोटरचा दुचाकी धंदा महिंद्राने घेतला. कंपनीचं दुचाकी संशोधन चिंचवडला राहिलं, आणि त्याच सुमारास इटलीतल्या बोलोन्याजवळची ‘एंजिन्स इंजिनिअरिंग’ ही डिझाइन संस्थाही महिंद्राच्या ताब्यात आली. पुढची उडी मोठी होती. २०११ मध्ये महिंद्रा थेट १२५ सीसी ग्रांप्रीत उतरली. तोवर कोणत्याही भारतीय संघाने ही हिंमत केली नव्हती. गाडीवर भारतीय कंपनीचं नाव, कारागिरी इटलीची आणि स्वार दोन: जर्मनीचा मार्सेल श्रोटर आणि इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सचा डॅनी वेब.

१९९१ साली जन्मलेला वेब तेव्हा जेमतेम विशीत होता. १२५ सीसीत काही हंगाम काढलेले, हाती मात्र फारसं काही लागलेलं नाही. असा स्वार आणि असा नवखा संघ, अपेक्षा कोण ठेवणार? हंगामाची शेवटची शर्यत नोव्हेंबरात स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला होती. टू-स्ट्रोक १२५ सीसी गटाचीही ती शेवटचीच शर्यत, कारण पुढच्या वर्षापासून २५० सीसी फोर-स्ट्रोक मोटो-थ्री सुरू होणार होती. त्या शनिवारी पात्रता फेरीत वेबने सगळ्यांत वेगवान फेरी मारली आणि महिंद्राला पोल पोझिशन मिळवून दिली. पोल म्हणजे विजय नव्हे, हे खरंच. पण ज्या गटाचा उद्या अंत होणार, त्याच्या अखेरच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे लूनावाल्या धंद्याच्या नव्या मालकाची गाडी उभी होती. हा योग मोठा गमतीचा.

२०१२ मात्र पडझडीचं. मोटो-थ्रीसाठी केलेल्या गाडीचं इंजिन साथ देईना. महिंद्राने स्वित्झर्लंडच्या सूटरची मदत घेतली, आणि २०१३ मध्ये पोर्तुगालच्या मिगेल ओलिव्हेराने सेपांगला तिसरा क्रमांक काढला. महिंद्राचा हा पहिला पोडियम. त्यानंतर पाया इटलीतल्या बेसोझ्झोला हलला. २६ जून २०१६ रोजी असेनला फ्रान्चेस्को बन्याया जिंकला आणि भारतीय नावाची गाडी पहिल्यांदा ग्रांप्रीत पहिली आली.

ब्रिटिशांचा आणखी एक वाटा बाकी होता. महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो दुचाकींत बहुसंख्य भांडवल घेतलं होतं, म्हणून तीच मोटो-थ्री गाडी प्यूजोच्या रंगातही धावत होती. २१ ऑगस्ट २०१६ ला ब्रनोमध्ये पाऊस कोसळत होता आणि स्कॉटलंडच्या ओबान गावचा जॉन मॅकफी त्याच गाडीवर जिंकला. त्याच दिवशी, त्याच ओल्या ट्रॅकवर कॅल क्रचलोने मोटोजीपी मारली. सर्वोच्च गटातला ब्रिटिश विजय १९८१ च्या बॅरी शीननंतर पहिलाच. इंग्रजी वर्तमानपत्रांनी क्रचलोला डोक्यावर घेतलं. मॅकफीखालची गाडी मुळात कोणाची, हे विचारायला कोणाला फुरसत होती!

पुढच्याच वर्षाअखेर, २०१७ ला, महिंद्राने मोटो-थ्री सोडली. पैसा आणि लक्ष फॉर्म्युला-ई कडे वळलं. स्वार पुढे गेले. वेब आइल ऑफ मॅन टीटीच्या रस्त्यांवर उतरला. बन्यायाने २०२२ आणि २०२३ मध्ये मोटोजीपीचं जगज्जेतेपद घेतलं. ओलिव्हेरा २०२० मध्ये मोटोजीपीत पहिल्यांदा जिंकला तो केटीएमवर, आणि त्या केटीएममध्ये आकुर्डीच्या बजाजचं भांडवल २००७ पासून होतं.

एवढ्या सगळ्यात भोसरी-पिंपरीतला कुणी मुलगा त्या हँडलपर्यंत पोहोचला नाही, ही खंत आहेच. उलटी वाट मात्र चालू झाली होती. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये कोवळ्या पोरांसाठी केटीएम ब्रिटिश ज्युनिअर कप सुरू झाला. इंग्रज मुलं त्यात एकाच मॉडेलवर शिकत होती: चाकणच्या बजाज कारखान्यातून निघालेली आरसी ३९०.