पुरुष दुहेरीची कुळकथा : ऑक्सफर्ड ते बालेवाडी

लॉन टेनिसमधील दुहेरी, म्हणजे जाळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन खेळाडू असलेला सामना, हा प्रकार एकेरीची पुरवणी असल्यासारखा मानला जातो आणि स्पर्धांच्या वृत्तांतात त्याला बहुधा शेवटच्या ओळीत जागा मिळते. वास्तविक या प्रकाराचे मैदान, त्याची गुणपद्धती आणि त्याचे चषक यांना स्वतंत्र वंशपरंपरा आहे. आणि २०१८ ते २०२३ या काळात पुण्यात झालेल्या महाराष्ट्र ओपन स्पर्धेच्या पाच पर्वांकडे पाहिले, तर भारतीय खेळाडूंच्या दृष्टीने त्या स्पर्धेचे खरे वैभव पुरुष दुहेरीतच होते, असे म्हणणे भाग आहे.

वॉल्टर विंगफिल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८७४ मध्ये लॉन टेनिसच्या साधनांचे पेटंट घेतले, तेव्हा त्याने सुचवलेले मैदान मध्यभागी चिंचोळे होते. १८७७ मध्ये विंबल्डनची पहिली स्पर्धा झाली ती आयताकृती मैदानावर, आणि तीत केवळ पुरुष एकेरी होती. दुहेरीची परंपरा निराळ्या ठिकाणी, ऑक्सफर्ड येथे, १८७९ मध्ये सुरू झालेल्या स्पर्धेतून वाढली. ती स्पर्धा पुढे बंद पडली आणि तिचे चषक विंबल्डनच्या क्लबकडे आले, तेव्हा १८८४ पासून तेथे पुरुष दुहेरी खेळवली जाऊ लागली. पहिले विजेतेपद विल्यम आणि अर्नेस्ट रेनशॉ या जुळ्या भावांनी मिळवले.

दोघांना हालचालीस जागा हवी, म्हणून २७ फूट रुंदीच्या एकेरी मैदानाच्या दोन्ही अंगांना साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या जोडून ३६ फुटांचे दुहेरी मैदान सिद्ध झाले. ७८ फूट लांबी मात्र दोन्ही प्रकारांत सारखीच राहिली. तालुक्याच्या गावातील वाचकाला ही कल्पना बहुधा बॅडमिंटनच्या कोर्टावरून परिचित असते, कारण तेथेही एकेरीची १७ फूट रुंदी दुहेरीसाठी २० फूट होते. ही तुलना पुण्याच्या संदर्भात विशेष अर्थपूर्ण आहे, कारण बॅडमिंटनच्या आरंभीच्या नियमांची जडणघडण १८७०च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीशी निगडित असून त्या काळी हा खेळ ‘पूना’ या नावानेही ओळखला जात असे. मात्र एक भेद ध्यानात घ्यावा लागतो : टेनिसमध्ये सर्व्हिसचा चौकोन दुहेरीतही अरुंदच राहतो, बाजूच्या पट्ट्या सर्व्हिसनंतरच्या खेळापुरत्या मोकळ्या होतात, आणि त्यामुळे सर्व्हिस करणाऱ्याचा साथीदार आधीच जाळ्यापाशी उभा राहून प्रतिस्पर्ध्याचा परतीचा फटका हवेतच अडवू शकतो. दुहेरीतील सारी व्यूहरचना या एका शक्यतेभोवती उभी आहे.

भारतात या प्रकाराला जे मोल आले, त्यामागे डेव्हिस चषकाचा मोठा हात आहे. १९०० मध्ये सुरू झालेल्या या देशोदेशींच्या सांघिक स्पर्धेतील लढत प्रदीर्घ काळ चार एकेरी आणि एक दुहेरी अशा पाच सामन्यांची असे, आणि पहिल्या दिवशी एकेरीत बरोबरी झाली की मधल्या दिवसाच्या दुहेरीवर लढतीचा कल ठरे. १९७४ मध्ये भारताने सोव्हिएत संघाला पुण्यातच ३-१ असे हरवून अंतिम फेरी गाठली. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी धोरणाच्या निषेधार्थ भारताने ती फेरी खेळण्यास नकार दिला, हा निर्णय भारतीय टेनिसच्या इतिहासात कोणत्याही चषकाइतकाच मानाचा आहे.

महाराष्ट्रातील खेळाडूही दुहेरीतच पुढे आले. नितीन कीर्तने याने १९९२ मध्ये महेश भूपतीसह विंबल्डनच्या कुमार दुहेरीची अंतिम फेरी गाठली, आणि बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर यांचे पुत्र गौरव नाटेकर यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेससह दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर पेस आणि भूपती यांची जोडी जमली, १९९९ मध्ये ती चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या अंतिम फेरीत पोचली आणि तिने फ्रेंच व विंबल्डन ही दोन विजेतेपदे जिंकली.

पुण्यात आलेली महाराष्ट्र ओपन स्पर्धा मुळात १९९६ मध्ये दिल्लीत सुरू झाली, १९९७ पासून दोन दशके चेन्नईत नांदली आणि २०१८ मध्ये बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत दाखल झाली; ही क्रीडानगरी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेली होती. एटीपी २५० दर्जाच्या, म्हणजे विजेत्याला क्रमवारीचे २५० गुण देणाऱ्या, या स्पर्धेत दुहेरीसाठी सोळा जोड्या असत, म्हणून चार विजयांत अजिंक्यपद मिळे. पहिल्या वर्षी एकेरीचा विजेता जिल सिमाँ दुहेरीच्याही अंतिम फेरीत होता, पण तेथे रॉबिन हासे आणि मातवे मिडलकोप या डच जोडीने त्याला व त्याच्या साथीदाराला दोन्ही सेटच्या टायब्रेकमध्ये रोखले. २०१९ मध्ये रोहन बोपण्णा आणि दिविज शरण यांनी बांब्रिज-ओमारा या ब्रिटिश जोडीला ६-३, ६-४ असे नमवले.

२००६ पासून एटीपीच्या दुहेरीत दोन बदल रूढ झाले : ४०-४० अशी बरोबरी होताच पुढच्या एकाच गुणावर गेम ठरतो आणि त्या वेळी सर्व्हिस कोणी स्वीकारायची हे परतवणारी जोडी ठरवते, तसेच एकेक सेट झाल्यास तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा निर्णायक टायब्रेक होतो, ज्यात दोन गुणांची आघाडी आवश्यक असते. सामन्याचा कालावधी आटोक्यात ठेवण्यासाठी केलेल्या या सुधारणेने दुहेरीतील दीर्घ चढाओढ कापून टाकली, ही हानी खरीच. तथापि प्रत्येक गुणाचे वजन तिने वाढवले. २०२२ ची अंतिम लढत याचा नमुना होय. बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन यांनी पहिला सेट टायब्रेकमध्ये १०-१२ असा गमावला, दुसरा ६-३ असा घेतला आणि निर्णायक टायब्रेक १०-६ असा जिंकला. बोपण्णाचे या स्पर्धेतील ते तिसरे अजिंक्यपद होते, कारण २०१७ मध्ये चेन्नईत त्याने जीवन नेदुंचेळियनसह ती जिंकलेली होती.

तोच जीवन २०२३ मध्ये श्रीराम बालाजीसह पुण्यात अंतिम फेरीत आला आणि सांडर जिले व योरान व्लीगेन या बेल्जियन जोडीकडून ६-४, ६-४ असा हरला. पाच पर्वांत एकेरीच्या अंतिम फेरीत एकही भारतीय खेळाडू नव्हता, दुहेरीत मात्र तीन वेळा होते. २०२४ च्या दिनदर्शिकेत एटीपी २५० दर्जाची ही स्पर्धा उरली नाही. त्या फेब्रुवारीत बालेवाडीच्या कोर्टांवर खालच्या पायरीची चॅलेंजर स्पर्धा भरली.