भाऊसाहेबांचा तोतया आणि जॉब ऑफरची मेल

परवा माझ्या रूममेटने परदेशी नोकरीच्या मेलला भुलून 'प्रोसेसिंग फी' भरली. आयटीवाला, बरं का! असल्या मेलपासून सावध राहा, हे तोच घरच्यांना सांगायचा. सगळे हसले. मला मात्र तोतया आठवला.

आमच्या नगरचा भुईकोट किल्ला १७५९ मध्ये सदाशिवरावभाऊंनी न लढता, किल्लेदाराला फितवून घेतला. हेच भाऊ १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडले. पण बऱ्याच जणांना ते खरंच वाटेना. पत्नी पार्वतीबाईंनी तर वैधव्य मानलंच नाही. पुढे 'मीच भाऊ' म्हणत एक जण उगवला. पुण्यात चौकशी झाली. तो निघाला सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण! रवानगी कैदेत.

विषय संपला? छे! १७७६ मध्ये रत्नागिरीच्या अंमलदारानेच त्याला सोडवलं, आणि कोकणातले किल्ले नि हजारो माणसं त्याला मिळाली. त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला.

चौकशीचा निकाल तर आधीच लागला होता. पण लोकांना भाऊ परत हवे होते. माझा मित्रही चार महिने घरी बसून होता. सावधगिरीची सूचना सगळ्यांसाठी असते, आमिष मात्र नेमकं आपल्या दुखऱ्या जागी येतं. म्हणून मेल कोणाची आहे हे तपासाच, पण त्याआधी स्वतःला विचारा: हे खरं असावं असं मला इतकं का वाटतंय?