मातुःश्री राधाबाई पेशवे

पेशवाईचा इतिहास सांगताना आपण स्वाऱ्या सांगतो, तह सांगतो, चौथाई-सरदेशमुखीचा वाद सांगतो. परंतु ज्या घरातून हे पुरुष निघाले त्या घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीविषयी दोन ओळींपलीकडे लिहीत नाही. २०१५ साली आलेल्या एका हिंदी चित्रपटामुळे राधाबाईंचे नाव नव्या पिढीच्या कानी पडले खरे, पण ते एका कठोर सासूच्या रूपाने. आपल्या ज्ञातीतील मुलामुलींनी त्यांस एवढ्याच रूपाने ओळखावे, हे आम्हांस उचित वाटत नाही.

राधाबाई या सिन्नरजवळच्या डुबेरे येथील बर्व्यांच्या कन्या. थोरले चिरंजीव बाजीराव १७०० साली तेथेच, आजोळी जन्मले. शाहू महाराजांच्या कारकीर्दीच्या प्रारंभी दमाजी थोराताने बाळाजी विश्वनाथांस विश्वासघाताने धरले, तेव्हा कुटुंबही त्यांच्यासह कैदेत पडले. पुढे पेशवेपद आले, वैभव आले. पण १७२० मध्ये सासवडास बाळाजीपंत निवर्तले आणि त्यानंतर तेहतीस वर्षे राधाबाईंनी वैधव्यात या घराचा भार वाहिला.

ऑगस्ट १७३० मध्ये चिमाजीअप्पांची पत्नी रखमाबाई पुत्राला जन्म देऊन महिन्याच्या आतच वारली. ते तान्हे मूल म्हणजे सदाशिवराव. बाप मोहिमांत गुंतलेला, आई नाही. अशा नातवास आजीने व थोरली काकू काशीबाई यांनी वाढविले. भाऊसाहेबांचा करारीपणा, हिशेबातील काटेकोरपणा, क्वचित हट्टदेखील, आजीच्या हाताखालचा असावा असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. अर्थात हा आमचा तर्क.

राधाबाईंची काशीयात्रा हे तर इतिहासातील एक नवलच म्हटले पाहिजे. फेब्रुवारी १७३५ मध्ये त्या पुण्याहून निघाल्या. मराठे व मोगल यांचे त्या वेळी उघड वैर होते. तरीही उदेपूरच्या राण्याने व जयपूरच्या सवाई जयसिंहाने त्यांचा सन्मान केला. इतकेच नव्हे, तर १७२९ मध्ये जैतपुरास बाजीरावांनी ज्यास जेरीस आणले होते त्या महंमदखान बंगशानेही शत्रूच्या मातेस आदराने वागविले. मथुरा, कुरुक्षेत्र, प्रयाग करून ऑक्टोबरात त्या काशीस पोहोचल्या आणि पुढे गयेस जाऊन १७३६ च्या उन्हाळ्यात परतल्या. ज्या मुलखात पुत्राच्या तलवारीचा धाक, तेथून वृद्ध माता निर्वेध फिरून आली. बाजीरावांच्या उत्तरेतील राजकारणास या यात्रेने वाट सुकर करून दिली, असे इतिहासकार मानतात.

आता मस्तानीचे प्रकरण. ते टाळून लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १७४० च्या आरंभी घरात रघुनाथरावांची मुंज व सदाशिवरावांचे लग्न होते, आणि बाजीरावांच्या उपस्थितीत कार्य करण्यास ब्रह्मवृंद तयार नव्हता. उपलब्ध पत्रव्यवहार मुख्यतः चिमाजीअप्पा व नानासाहेब यांच्या हालचालींचा आहे. मस्तानीस पहाऱ्यात ठेविले ते त्यांनी. तथापि घरातील ज्येष्ठ स्त्रीस हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? एकीकडे पुत्र, दुसरीकडे नातवांची कार्ये व ज्ञातीचा धाक. ज्ञातीचा तो धाक घालणारे आपलेच पूर्वज होते, हे मात्र राधाबाईंस दोष देणाऱ्यांनी विसरू नये.

२८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीस बाजीराव गेले. मस्तानीही गेली. त्याच डिसेंबरात चिमाजीअप्पा गेले. आठ महिन्यांत दोन्ही पुत्र गमावलेल्या त्या मातेसमोर आता उरली ती नातवंडे: विशीच्या आतबाहेरचे नानासाहेब, दहा वर्षांचे सदाशिवराव, लहानगे रघुनाथराव, आणि सहा वर्षांचा समशेर. मुंज नाकारलेले ते मस्तानीचे पोर पेशव्यांच्या घरातच वाढले, शस्त्रविद्या शिकले, सरदारकीस चढले. राधाबाईंनी १७४२ मध्ये विश्वासराव व १७४५ मध्ये माधवराव ही पणतवंडेही पाहिली.

१७५३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर आठ वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, त्यांच्या मांडीवर वाढलेले सदाशिवराव व पणतू विश्वासराव पानिपतावर पडले. समशेर बहादूर जखमी होऊन भरतपुराकडे निघाला आणि तेथेच त्याने देह ठेविला.